ऊब बाधते

बुलडोझरचं पातं जमिनीपासून किती वर धरायचं, ही काही इतिहासात ठळक अक्षरांनी छापायची गोष्ट नव्हे. तरी अलास्काच्या उत्तरेत १९६८-६९ च्या हिवाळ्यात एका पात्याची उंची चुकली, आणि ती चूक काही केल्या मनातून जात नाही. प्रसंग म्हणाल तर किरकोळ. आर्क्टिक महासागराच्या काठी प्रुडो बे इथे तेलाचा प्रचंड साठा सापडला होता. तिथवर रस्ता नव्हता. पाइप, डिझेल, माणसांचं जेवणखाण, सगळं हर्क्युलस विमानं उचलून नेत होती. राज्याचे गव्हर्नर वॉल्टर हिकेल यांच्या मनाने घेतलं की हिवाळ्यात नद्या आणि दलदली गोठलेल्याच असतात, तर तेवढ्या मुदतीत ट्रक जातील अशी वाट पाडून टाकू. लिव्हनगुडपासून निघायचं, युकॉन नदी बर्फावरून ओलांडायची, बेटल्सवरून पुढे ब्रुक्स पर्वतरांगेतल्या अनाक्टुवुक खिंडीत शिरायचं आणि पलीकडे सॅगवॉनला उतरायचं. अंतर ६०० किलोमीटरच्या वर. दिवसाचा उजेड जेमतेम, पारा उणे ४० कडे झुकलेला, इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही म्हणून रात्रभर ते घरघरत ठेवायचं. मार्च १९६९ मध्ये वाट पार झाली, ट्रक धावले, महिनाभर वाहतूक चालली. मग ऊन तापायला लागलं.

पात्याने केलं होतं ते असं. बर्फ बाजूला सारता सारता त्याखालचं शेवाळ, झुडपांच्या मुळ्या, अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर, सगळंच खरवडून दोन्ही कडांना बांधासारखं रचलं. हिवाळ्यात हे काम बघणाऱ्याला सुरेखच वाटलं असणार. काळाभोर, सपाट, दगडासारखा कडक पट्टा. उन्हाळ्यात त्या पट्ट्यावर थेट ऊन पडलं. खालचं बर्फ वितळलं, माती बसली, बाजूच्या बांधांमुळे पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. रस्त्याच्या जागी लांबच लांब चर तयार झाला आणि तो पाण्याने भरला. तोवर हिकेल गृहखात्याचे मंत्री होऊन वॉशिंग्टनला गेले होते. हे अमेरिकेतलं गृहखातं म्हणजे आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे. जंगलं, सरकारी जमिनी आणि खनिजं यांचं. त्यांच्या जागी आलेल्या गव्हर्नरांनी रस्त्याला त्यांचंच नाव देऊन टाकलं होतं. लोकांनी त्या नावात एकच शब्द बदलला. हिकेल हायवेचा हिकेल कालवा झाला.

पातं वीतभर वर धरायचं होतं, बस्स.

हिवाळी वाट करायची रीत फार जुनी आहे आणि ती अगदी उलट आहे. उत्तरेत बर्फ काढत नाहीत, दाबतात. आधी थांबायचं. जमीन हातभर खोल गोठू द्यायची, वर पुरेसा बर्फ साचू द्यायचा. मग रुंद पट्ट्यांची हलकी गाडी त्यावरून फिरवून बर्फ चेपायचा, मागे जड ओंडका किंवा लोखंडी चौकट ओढत नेऊन तो सारखा करायचा, वरून टँकरने पाणी शिंपडायचं, ते गोठलं की पुन्हा शिंपडायचं. थरावर थर चढून जी पाठ तयार होते तिच्यावरून अवजड ट्रक जातात आणि खालच्या शेवाळाला त्याची खबरही लागत नाही. उन्हाळ्यात वाट विरघळून जाते, मागे फार तर किंचित पिवळी पडलेली रेघ राहते. अलास्कात आज किनाऱ्याजवळच्या टुंड्रावर गाडी घालायची परवानगी मिळायला ३० सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान उणे ५ अंशांच्या खाली आणि वर निदान १५ सेंटिमीटर बर्फ लागतो. टेकड्यांच्या भागात बर्फाची अट आणखी कडक. हे आकडे सरकारी नियमावलीतले असले तरी त्यांच्या मागे तो काळा चर उभा आहे.

त्या शेवाळाचं एवढं काय, तर ती गोधडी आहे. खाली कायम गोठलेली जमीन, पर्माफ्रॉस्ट. वर दर उन्हाळ्यात हातभर ते कमरेइतकी सुटणारी आणि हिवाळ्यात पुन्हा गोठणारी माती. दोन्हींच्या वर हा ओला, स्पंजासारखा थर. पाय ठेवला की पचकन आत जातो, उचलला की पाणी भरतं, डासांचा ढग उठतो. कोरडं शेवाळ उन्हाळ्यात उष्णता आत जाऊ देत नाही. शरदात तेच भिजून गोठलं की जमिनीतली उष्णता बाहेर सोडतं. म्हणजे गोधडी अशी, की जी थंडी राखते. ती ओढून काढली की खालच्या जमिनीचा ताळेबंद बिघडतो. आणि त्या जमिनीत नुसती माती असती तर एकवेळ चाललं असतं. गोठलेला खडक किंवा गोठलेली भरड रेव वितळली तरी फारसं बिघडत नाही, कारण दाणा दाण्यावर टेकलेला असतो. पण बारीक पोयट्यात बर्फ मातीहून जास्त असू शकतो. भेगांमध्ये हजारो वर्षं पाणी मुरून गोठत गेलेल्या बर्फाच्या पाचरी असतात, वरून रुंद, खाली निमुळत्या, कधी माणसाहून कितीतरी उंच. ही माती वितळते म्हणजे पायाखालून चालती होते. काळ्या जमिनीवर घर बांधलेल्या माणसाला हे थोडंफार समजेल. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन भिंतीला तडा देते तेव्हा दोष गवंड्याचा असतो की जमिनीचा, हा वाद त्याने ऐकलेला असतो. फक्त काळी जमीन दरवर्षी मूळपदावर येते. पर्माफ्रॉस्ट एकदा बसला की माणसाच्या आयुष्यात तरी परत उठत नाही.

हे ज्ञान तेव्हा नव्हतं असं म्हणायची सोय नाही, आणि मला टोचतं ते हेच. फेअरबँक्सच्या उत्तरेला फॉक्स नावाचं ठिकाण आहे. तिथे अमेरिकी लष्कराच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात टेकडीच्या पोटात बोगदा खणला, फक्त गोठलेली जमीन आतून बघता यावी म्हणून. आत शिरल्यावर आधी नाक चाळवतं. हजारो वर्षं कुजायचं थांबलेलं गवत आणि पाला हवा लागताच कुजायला लागतात, त्याचा जुन्या चीजसारखा, ओल्या तळघरासारखा वास. भिंतींना चिखल नाही. बर्फ हवेत उडून गेल्यामुळे वरचा पोयटा पिठासारखा कोरडा होऊन झडत असतो. छतातून मुळ्या लोंबतात. मध्येच काळसर, काचेसारखी बर्फाची पाचर, आणि मातीत हिमयुगातल्या गव्यांची हाडं. आतली हवा थंड ठेवायला यंत्रं लावावी लागतात, कारण बघायला येणाऱ्यांच्या अंगची उष्णतासुद्धा तिथे बाधते. लिव्हनगुडला जाणारा रस्ता याच फॉक्समधून सुरू होतो. जमिनीच्या आत काय आहे हे दाखवणारं दार त्या वाटेच्या तोंडाशीच होतं.

आणि त्याआधी २६ वर्षं हाच धडा जगाच्या त्याच कोपऱ्यात एकदा गिरवून झाला होता. पर्ल हार्बरनंतर अलास्काला जमिनीवरून रसद पोचावी म्हणून १९४२ मध्ये कॅनडातून रस्ता काढला गेला. मार्चमध्ये काम सुरू, ऑक्टोबरमध्ये दोन्ही टोकांच्या तुकड्या कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या बीव्हर क्रीकजवळ एकमेकींना भेटल्या, नोव्हेंबरमध्ये उद्घाटन. १०,००० हून अधिक सैनिक, त्यांतले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय, वेगळ्या पलटणींत ठेवलेले. ९५ व्या रेजिमेंटकडची यंत्रं काढून गोऱ्या पलटणीला दिली आणि हिच्या हाती कुऱ्हाडी, करवती, फावडी राहिली. याच माणसांनी सिकानी चीफ नदीवरचा लाकडी पूल साडेतीन दिवसांच्या आत उभा केला. इकडे ज्यांच्याकडे बुलडोझर होते त्यांनी नेहमीच्या सवयीने आधी झाडं आणि शेवाळ साफ केलं, की खाली पक्की जमीन लागेल आणि तिच्यावर रस्ता करू. पक्की जमीन लागली, दोन दिवस टिकली आणि मग तिची राड झाली. जितकं खणावं तितका जास्त चिखल. ट्रक ॲक्सलपर्यंत रुतले, त्यांना ओढायला आलेले ट्रॅक्टर रुतले.

शेवटी सैनिक जे शिकले ते चार ओळींत सांगता येतं. झाडं हाताने तोडा, बुंधे उपटू नका. तोडलेली झाडं आणि फांद्या शेवाळावरच आडव्या अंथरा, ओंडक्याला ओंडका लागून. ट्रक मागे घेत घेत पुढे रेव ओततच जा, चाक उघड्या जमिनीवर कधी पडू देऊ नका. आणि खणण्यापेक्षा भराव घाला. असा ओंडक्यांचा रस्ता खडखडतो, कंबर मोडतो, पण टिकतो. मूळ मंत्र हाच, भर घाला, कापू नका. पण लष्कराचं ज्ञान लष्कराबरोबर परत गेलं. कुठल्याशा अहवालात ते असणारच, फायलीत नीट बांधलेलं. बुलडोझरच्या केबिनमध्ये अहवाल नसतो.

त्याच रस्त्याच्या जोडीला आणखी एक प्रकल्प झाला. त्याची गंमत वेगळी, कारण त्याने जमिनीला फारसं दुखवलं नाही तरी तो फसला. मॅकेन्झी नदीकाठच्या नॉर्मन वेल्सचं तेल डोंगर ओलांडून युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला न्यायचं, तिथे शुद्ध करायचं आणि रस्त्यावरच्या ट्रकांना नि विमानांना पुरवायचं. नाव कॅनॉल. भरतीच्या जाहिरातीतच बजावलं होतं की ही सहल नाही. थंडी, दलदली, डास, माश्या यांची यादी देऊन खाली म्हटलं होतं की हे झेपणार नसेल तर अर्ज करू नका. इतकी सरळ जाहिरात नंतर कुठल्या विकासप्रकल्पाची वाचनात आलेली नाही. जेमतेम ४ इंची पाइप, साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो पुरलाच नाही, सरळ जमिनीवर टाकला. नॉर्मन वेल्सचं तेल कडाक्याच्या थंडीतही वाहतं, त्यामुळे ते तापवावं लागत नव्हतं आणि पाइपाखालची जमीनही वितळत नव्हती. इंजिनिअरिंगचा हा भाग मला आजही पटतो. गणित चुकलं ते गरजेचं. एप्रिल १९४४ मध्ये तेल व्हाइटहॉर्सला पोचलं तोवर जपानचा धोका तिथून सरकलेला होता. वर्षभराने सगळं बंद. खर्च १३ कोटी ४० लाख डॉलर. सेनेटर ट्रुमन यांच्या समितीने त्यावरून लष्कराला चांगलंच फैलावर घेतलं. शुद्धीकरण कारखाना सुटा करून पुढे अल्बर्टातल्या लेडकच्या तेलासाठी नेला. पंप, ट्रक, बराकी तिथेच राहिल्या. टेलिफोनच्या तारा खाली लोंबकळल्या आणि त्यांत कॅरिबूंची, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअरांची, शिंगं अडकून जनावरं मरत राहिली. त्या तारा गोळा करायला पुढे माणसं पाठवावी लागली. उत्तरेत लोखंड गंजतं, पण सावकाश. सोडून दिलेली वस्तू तिथे फार काळ वस्तूच राहते.

सायबेरियातल्या याकुत्स्कची एक विहीरही इथे आठवते. रशियन-अमेरिकन कंपनीचा तिथला कारभारी फ्योदर शेर्गिन. घरासमोर पाणी हवं म्हणून १८२८ मध्ये त्याने खणायला घेतलं. गोठलेली माती लागली. आणखी खणलं, गोठलेलीच. १८३७ पर्यंत खणत राहिला, ११६ मीटरवर गेला आणि तरी गोठणाच्या बाहेर पडला नाही. पाण्याचा थेंब नाही. विहीर म्हणून याहून मोठं अपयश सापडायचं नाही. पण काही वर्षांनी मिडेनडॉर्फ नावाचा शास्त्रज्ञ आला, त्याने त्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत तापमापक लावले आणि जमीन किती खोल, किती थंड आहे याची पहिली नीट मोजणी झाली. त्याच याकुत्स्कमध्ये आज इमारतींखालून कुत्री आरपार पळतात. घर जमिनीवर टेकवायचंच नाही, काँक्रीटच्या खांबांवर माणसाच्या उंचीइतकं उचलून धरायचं, म्हणजे खालून हिवाळ्याचा वारा खेळेल आणि घराची ऊब जमिनीला लागणार नाही. या खालच्या मोकळ्या जागेत कुणी सामान भरलं, बर्फ साचू दिला किंवा नळ गळून गरम पाणी मुरलं, की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरकी भेग जाते. थंडीने तिथे इमारत पडत नाही, गळक्या नळाने पडते.

तर तेलाकडे येऊ. हिकेल हायवेचा चर पाण्याने भरत होता त्याच सुमाराला तेलकंपन्यांनी १,२८८ किलोमीटरच्या पाइपलाइनची घोषणा केली. प्रुडो बेपासून दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत, बहुतेक सगळी जमिनीत पुरून. परवानगी यायच्या आधीच ४८ इंच व्यासाचा पाइप जपानमधून मागवला. सप्टेंबर १९६९ मध्ये त्याची पहिली खेप वाल्डीझला उतरली आणि मग तो पाइप तिथे बर्फ खात पाचएक वर्षं पडून राहिला. कारण मधल्या काळात अमेरिकी भूविज्ञान सर्वेक्षणातल्या आर्थर लाखेनब्रुख यांनी एक साधा हिशेब मांडला. तेल जमिनीतून वर येतं तेच कढत. ८० अंशांचा, चार फुटी पाइप पर्माफ्रॉस्टमध्ये सहा फुटांवर पुरला तर काही वर्षांत भोवतीची २० ते ३० फूट व्यासाची माती वितळेल. दुसऱ्या दशकाच्या अखेरीस वितळण दक्षिणेकडे ४० ते ५० फूट खोल जाईल. माती बर्फाने भरलेली असेल तर ती दाट पेजेसारखी होईल, उतारावर सरकेल, पाइप मध्येच अधांतरी लोंबेल. १९७० सालच्या या छोट्या पुस्तिकेत तापमान, खोली आणि काळ यांपलीकडे काही नव्हतं. पण कंपन्यांच्या इंजिनिअरांना त्याला उत्तर देता येईना.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने काम अडवलं. युकॉनकाठच्या स्टीव्हन्स व्हिलेजच्या लोकांचं म्हणणं होतं की पाइप आमच्या जमिनीवरून जातो आणि ती आम्ही कुणाला दिलेली नाही. पर्यावरण संघटनांनी वेगळं कलम काढलं. १९२० च्या कायद्याप्रमाणे पाइपाच्या दोन्ही बाजूंना फक्त २५-२५ फूट जागा देता येते, आणि एवढ्यात ती यंत्रं वळणारसुद्धा नाहीत. मला या दुसऱ्या मुद्द्याचं नेहमी हसू येतं. एवढा अवाढव्य प्रकल्प शेवटी अडतो कुठे, तर फुटपट्टीवर. पण स्टीव्हन्स व्हिलेजचा मुद्दा हसण्यासारखा नव्हता. जमीन कुणाची हे ठरल्याशिवाय पाइप हलत नाही, हे कळल्यावर अनेक दशकं भिजत पडलेला प्रश्न चुटकीसरशी सुटला. डिसेंबर १९७१ मध्ये कायदा झाला. अलास्काच्या मूळ रहिवाशांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन, ९६ कोटी २५ लाख डॉलर, आणि हे सगळं सांभाळायला नफ्यावर चालणाऱ्या कंपन्या. शिकारी एका रात्रीत भागधारक झाले. ते मिळालं हेही खरं, आणि तेल सापडलं नसतं तर मिळालं नसतं हेही. तेल-संकटाच्या तोंडावर, जुलै १९७३ मध्ये सेनेटमध्ये पाइपलाइनच्या बाजूने आणि विरोधात ४९-४९ मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांच्या एका मताने फाटक उघडलं.

मधल्या रखडलेल्या वर्षांनी पाइपलाइन वाचवली, हे मात्र कबूल करायला हवं. आता तिचा निम्म्याहून अधिक भाग, ६७५ किलोमीटर, जमिनीच्या वर आहे. एक खांब जवळून बघू. असे ७८,००० आहेत, दोघादोघांच्या जोडीने, दर ६० फुटांवर एक जोडी. आधी जमिनीत दोन फूट रुंदीचं भोक पाडायचं. खोली मातीप्रमाणे, १५ फुटांपासून ७० फुटांपर्यंत. त्यात १८ इंची पोलादी नळ उभा करायचा. भोकाची भिंत आणि नळ यांमधली फट वाळू-पाण्याच्या रबडीने भरायची, कंपन देऊन हवा काढायची आणि मग सोडून द्यायचं. भोवतीची जमीनच ती रबडी गोठवते. सिमेंटऐवजी इथे बर्फ धरून ठेवतो. यात बिघडतं ते दोन तऱ्हांनी. जमीन उबदार झाली तर पकड सुटून खांब खचतो. आणि पकड असूनही खांब वर येतो, हे दुसरं. दर शरदात वरचा सुटलेला थर गोठताना फुगतो, फुगताना खांबाला आवळतो आणि वर ओढतो. उन्हाळ्यात थर खाली बसतो, खांब बसत नाही. दरवर्षी थोडा थोडा वर. मोकळ्या माळावरचे कुंपणाचे डांब उत्तरेत असेच वर येऊन पडतात, कुणी न उपटता.

म्हणून बर्फाळ मातीतल्या खांबांत दोन-दोन बारीक नळ्या सोडल्या आहेत, एकूण सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पंखांचा तुरा. आत अमोनिया. हिवाळ्यात वरची हवा जमिनीहून थंड झाली की तळाचा अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, पंखांपाशी थंड होऊन थेंब होते आणि भिंतीवरून ओघळत खाली येते. पंप नाही, वीज नाही, फिरणारा एकही भाग नाही. उन्हाळ्यात वरची हवा उबदार असते, तेव्हा वाफ थंड होत नाही आणि चक्र आपोआप थांबतं; म्हणजे उष्णता बाहेर जाते, आत येत नाही. हिवाळाभर जमिनीत थंडी साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. शेवाळाचं काम लोखंडाने करायचं, असंच म्हणा ना. यातही खोड निघाली. काही नळ्यांत हळूहळू हायड्रोजन साचला, तो वर जाऊन पंखांपाशी अडून बसला, वाफेला जागाच उरली नाही. बाहेरून बघून काही कळत नाही. रात्री उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून बघितलं की चालू नळीचा तुरा उजळ दिसतो आणि बंद पडलेलीचा काळा.

खांबांवर पाइप बांधलेला नाही, नुसता ठेवलाय. टेफ्लॉनच्या चपला घालून तो आडव्या तुळईवर सरकतो. नागमोडी वळणं आहेत ती त्याचसाठी, म्हणजे लांबी वाढली की बाजूला सरकायला जागा मिळावी. नोव्हेंबर २००२ मध्ये डेनाली भ्रंशावर ७.९ चा भूकंप झाला, जमीन १४ फूट आडवी सरकली. पाइप हलला, डुगडुगला, काही आधार निखळले, पण तेलाचा थेंब सांडला नाही. भ्रंशरेषा लक्षात घेऊन तिथे तुळया मुद्दाम लांबलचक ठेवल्या होत्या. याउलट जिथे जमीन भक्कम समजून पाइप पुरला होता अशा अटिगुन खिंडीत, तेल सुरू होऊन दोनच वर्षांनी, जून १९७९ मध्ये खालची जमीन बसली, पाइप वाकला आणि तडकला. संशय होता तिथे निभावलं, खात्री होती तिथे फुटलं.

या पाइपलाइनसाठी काढलेला रस्ताही बघण्यासारखा. युकॉनपासून प्रुडो बेपर्यंतचे ५८० किलोमीटर १९७४ मध्ये १५४ दिवसांत झाले. शेवाळाला हात न लावता त्यावर पुरुषभर उंचीपर्यंत रेवेचा भराव, पाइपलाइनच्या कामाच्या पट्ट्यात काही ठिकाणी भरावाखाली थर्माकोलसारख्या फोमच्या लाद्या. पात्याची उंची या वेळी चुकली नाही. पण भरावाच्याही तऱ्हा असतात. रस्ता साफ करताना ढकललेला बर्फ कडेच्या उताराला साचतो आणि बर्फ म्हणजे पुन्हा गोधडीच, पण उलटी. हिवाळ्याची थंडी ती जमिनीत उतरू देत नाही. त्यामुळे भराव मधोमध ठणठणीत राहतो आणि कडा वितळून खाली सुटतात, रस्त्याला लांबीच्या दिशेने भेगा जातात. बीव्हर क्रीकजवळ, जिथे १९४२ च्या तुकड्या भेटल्या होत्या तिथेच, अशा कडांवर बर्फ पडू नये म्हणून लाकडी छपरं घालण्यापासून मोठ्या दगडांचे हवेशीर भराव रचण्यापर्यंत सगळे प्रयोग करून झालेत. चालतात, पण महाग. हजारो किलोमीटरला पुरतील असं त्यांत काही नाही.

तेलाचं म्हणाल तर १९८८ मध्ये दिवसाला २० लाख पिंपं वाहत होती. आता त्याच्या पावपट. कमी तेल म्हणजे सावकाश तेल. पूर्वी चार-पाच दिवसांत वाल्डीझला पोचायचं, आता दोन आठवड्यांहून अधिक लागतात आणि वाटेत ते गार होतं. गार तेलातून मेण सुटून पाइपाच्या भिंतीला चिकटतं. तेलातलं उरलंसुरलं पाणी गोठायची भीती. मेण खरवडायला आत ढकलायची ती यंत्रं, पिग, पूर्वीपेक्षा जास्त वेळा सोडावी लागतात. आणि ज्या पाइपाच्या उष्णतेवरून न्यायालयापर्यंत वाद गेला, त्यातलं तेल आता मुद्दाम तापवावं लागतं. दुसरीकडे बाहेरची हवाच उबदार होत चालली आहे. फेअरबँक्सच्या वायव्येला एका उतारावर खांब कलायला लागले म्हणून २०२१ मध्ये तिथे शंभरेक नव्या नळ्या जमिनीत रोवायचं ठरलं. पाइपाची नव्हे, उताराची जमीन गोठती ठेवण्यासाठी. नळी हिवाळ्यावर चालते. हिवाळाच आखूड झाला तर ती काय करणार, याचं उत्तर तिच्यापाशी नाही.

अनाक्टुवुक खिंडीत नुनामिउत लोकांचं छोटं गाव आहे. कॅरिबूंच्या मागे फिरणारी ही माणसं त्या हिवाळ्याच्या वीसेक वर्षं आधी तिथे स्थिरावली होती. १९६९ मध्ये त्यांच्या दारातून महिनाभर ट्रक गेले आणि मग येईनासे झाले. पुढे तेलाच्या करातून शाळा आली, नळाचं पाणी आलं. त्याचं मोल थंडीत नदीवरचा बर्फ फोडून घरी आणलेल्या माणसाला विचारावं. गावाभोवती आता राष्ट्रीय उद्यान आहे. लहान विमानाने जाताना तो पट्टा अजून वरून ओळखू येतो. सगळीकडे तपकिरी-करडा टुंड्रा आणि मध्ये एक सरळ, हिरवीगार रेघ. चरात पाणी होतं, माती उघडी होती, तिथे विलोची झुडपं माजली. वर्षभराचं दुखणं भरून आलं असं वाटावं इतका तो हिरवा रंग देखणा आहे. हिवाळ्यात वारा माळावरचा बर्फ उडवून नेतो आणि त्या झुडपांत आणून टाकतो. बर्फ तिथे छातीइतका साचतो. त्याच्या खाली, उणे ४० च्या हवेत, चराची जमीन उबेत असते.